एक थांबा अलीकडे

पाचवीत शाळा सुटली. परभणीहून नाशकात कामाला आले, पण थांब्याची पाटी वाचून होईपर्यंत बस पुढे जाते. चुकण्याच्या भीतीने मी कायम एक थांबा अलीकडेच उतरते.

मालकीणबाईंनी मायेने कार्यक्रमाचा पास दिला म्हणून गिटार ऐकायला गेले. कुणी उठवेल या धाकाने खुर्चीच्या कडेवर बसले. स्टेजवर एकटे म्हातारे गृहस्थ, मांडीवर आडवी गिटार. तारांवरची लोखंडी कांडी ते सुराच्या जरा अलीकडे टेकवत, मग डोळे मिटून हळूच पोचत.

शेवटी कुणीतरी विचारलं, "गुरुजी, थेट सुरावर का येत नाही?"

"घाबरतो, बाबा!" ते हसले. "एवढी वर्षं झाली, तरी चुकेन असं वाटतं. म्हणून अलीकडे उतरतो आणि सरकत जातो."

परतताना मीही अलीकडेच उतरले. चुकण्याची भीती होतीच, पण उरलेला रस्ता पहिल्यांदाच लाज न वाटता चालले.