रेघेशिवाय कात्री नाही

दुपारची जेवणं उरकली की पोवई नाक्याच्या मागची गल्ली अशी गपगार होते, की वैशाखात तिथली कुत्रीसुद्धा भुंकायची तसदी घेत नाहीत. 'कुंदाज्' बुटीकचं शटर अर्धं ओढलेलं आहे. मागच्या खोलीत, कापडाच्या ताग्यांच्या मधोमध, चारुलता रेठरेकर चटई टाकून आडवी झालीय. पंखा घरघर करतोय. चष्मा पोटावर, डोळे मिटतायत आणि पुन्हा उघडतायत, वांग्याची भाजी जरा जडच झालीय.

आता 'कुंदाज्' म्हणजे कोण? चारू नव्हे बरं का. ते नाव तिच्या थोरल्या बहिणीचं, कुंदाताईचं. ताई गेल्या श्रावणात गेली. पाटी बदलायची म्हणून चारूनं पेंटरला दोनदा बोलावलं आणि दोनदा चहा पाजून परत पाठवलं. काय उपयोग? बायका अजूनही "कुंदाताईंचं दुकान" असंच म्हणतात, आणि म्हणताना एक सुस्कारा टाकतात. तो सुस्कारा चारूला सुईसारखा टोचतो.

ताई होतीच तशी. करड्या नाहीतर विटकरी रंगाची जाडीभरडी रेशमी साडी, उभ्या कॉलरचं पोलकं, हातात एकच चांदीचं कडं, कपाळावर रुपयाएवढी काळी टिकली. "मॅचिंग म्हणजे डोक्याला सुट्टी," म्हणायची. जिभेला हाड नाही. गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायची, "अबोली नको, आजारी दिसता." "हा गळा तुमच्यासाठी नाही, मानेला सोसणार नाही." आणि बायका एवढं ऐकून घेऊन, ती दाखवेल ते घेऊन, वर मैत्रिणीला पाठवायच्या! चारू उलट. कुणी काहीही अंगावर घालून आरशापुढे उभं राहू दे, ही मान कलती करून, मधाळ आवाजात म्हणणार, "छान दिसतंय, वहिनी. तुमच्यासाठीच आलंय." वहिनी खूश होतात आणि दुसऱ्या दिवशी बदलून न्यायला येतात.

अजून एक गोष्ट सांगायला हवी. सगळ्यांत वरच्या फळीवर, भिंतीकडे ढकललेली, एक जांभळी जॉर्जेटची साडी आहे. चमचमत्या टिकल्यांची. दुकानात चारूनं स्वतःच्या अकलेनं आणलेला तो पहिला माल. किती बायकांनी ती उलगडली, खांद्यावर धरून पाहिली, आणि घडी करून परत दिली, त्याला गणती नाही. ताईनं तिचं नाव ठेवलं होतं 'चारूचं स्थळ'. भर गिऱ्हाइकांत सांगायची, "चारे, तुझं स्थळ काढ गं, ह्यांना दाखवू." बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. चारूचं लग्न झालं नाही, हे साताऱ्यात सगळ्यांना ठाऊक होतं. ती साडी काढायची आणि आपणही हसायची. दुसरं काय करणार?

टक्, टक्.

शिंप्याचा खडू टेबलावर आपटल्याचा आवाज येतो. चारूचा डोळा लागतोय. शिलाईला येणारी नसीमा जेवून परतली असेल, असं तिला वाटतं.

"नसीमा, आलीस एवढ्यात?"

"नसीमा नाही. ऊठ. दुकानात गिऱ्हाईक उभं आहे आणि मालकीणबाई घोरतायत."

चारू उठते. उठायला काहीच त्रास होत नाही, गुडघासुद्धा दुखत नाही, इथेच तिनं ओळखायला हवं होतं. काउंटरजवळ ताई उभी आहे. काळी टिकली नाही. कपाळभर कुंकवाचा मळवट. आणि अंगावर शेवटी नेसवलेली ती साडी. झगझगीत पोपटी, तिच्यावर सोनेरी गुलाब, एकेक गुलाब फुलकोबीएवढा.

"ताई," चारू म्हणते, "तू तर गेलीस."

"गेले ना. अशी गेले." ताई पदर दोन बोटांच्या चिमटीत धरून दाखवते, उंदीर धरावा तसा. "बघ. नीट बघ. तूच निवडलीस."

खरंच आहे. बाई अहेव, म्हणजे नवऱ्याआधी गेली तर तिला हिरवं नेसवतात, आणि ते पातळ यायला लागतं माहेराहून. कुंदाताईचं माहेर म्हणजे एकटी चारू. त्या दिवशी ह्याच दुकानात, ह्याच कपाटात, गर्द हिरवी इरकल घडी करून ठेवलेली होती. ताईनं आपल्या हातानं ह्याच दिवसासाठी बाजूला काढलेली. चारूनं कपाट उघडलं, इरकलीवर हात ठेवला, आणि कपाट लावून टाकलं. मग चप्पल घालून थेट बाजारात गेली आणि फुटपाथवर टांगलेल्यांतली सगळ्यांत भडक साडी घेऊन आली. घरी बायका रडत म्हणाल्या, "माहेरचं हिरवं मिळालं हो, भाग्याची!" चारूही रडली. रडता रडता पदराआड हसली, हे कुणी पाहिलं नाही.

"चल, ट्रायल घेऊ," ताई म्हणते आणि ट्रायलरूमचा पडदा सारते.

पडद्याआड आरसा नाही. पडद्याआड एस.टी. स्टँड आहे. सिमेंटच्या बाकांवर माणसं बसलीत, गाडीची वाट बघत असावीत, पण गाड्या कुठेच नाहीत. एक दांडगा पैलवान दवाखान्याचा मागून उघडा गाऊन घालून बसलाय आणि उठायला लाजतोय. एका म्हातारीला तिच्या लग्नातला शालू नेसवलाय, ती सारखी पदर सावरतेय. एक साहेब कोट-टायमध्ये आहेत आणि पायात काही नाही.

"इथे बदलायची सोय नाही," ताई सांगते. "नेसवून पाठवलं ते कायमचं."

"कायमचं म्हणजे?"

"कायमचं म्हणजे कायमचं. मराठी कळत नाही का तुला?"

बाकावरची शालूवाली म्हातारी ताईकडे बोट दाखवते आणि शेजारणीला म्हणते, "ही म्हणे साताऱ्यात बायकांना कपडे शिकवायची!" सगळा स्टँड हसतो. पैलवान गाऊन धरून हसतो. कुंदाताई मान खाली घालते. कुंदाताई मान खाली घालते, हो! चारूनं जन्मात हे पाहिलेलं नाही.

आता खोटं कशाला सांगा, तिला बरं वाटतं. पंचविशीत एक मुलगा बघायला आला होता, कऱ्हाडचा, बँकेतला. चारूनं हौसेनं पिवळी साडी नेसली होती. पोह्यांची बशी पुढे करताना ताई पाहुण्यांसमोर म्हणाली, "हिला पिवळं नका हो नेसवू पुढे, कावीळ झाल्यासारखी दिसते." पाहुणे पोहे खाऊन गेले ते गेलेच. ती बशी अजून चारूच्या हातात आहे. खरंच आहे, स्टँडवर उभ्या उभ्या तिच्या हातात पोह्यांची बशी आहे.

"ठेव ती बशी," ताई म्हणते. "आणि माझं ऐक. ज्या हातांनी नेसवलं, त्याच हातांनी सुटतं. दुसऱ्या कुणाच्या हातून नाही. पाठीमागून सोड, सोपं आहे. पोलकं मागून तूच कापलंयस ना."

ताई पाठ करते, आणि दोघी ताईच्या दिवाणखान्यात आहेत. सोफे भिंतीला सरकवलेले, मध्ये चटई, उदबत्तीचा धूर. चारूला ती दुपार आठवते. अंग ताठलं होतं, पोलकं चढेना. जमलेल्या बायका म्हणाल्या, "फाड गं मागून, कोण बघतंय!" पण पंचवीस वर्षं ताईच्या हाताखाली काढलेली बाई अशी कापड फाडते होय? "रेघेशिवाय कात्री नाही," हा ताईचा पहिला धडा. चारूनं पर्समधून खडू काढला, पोलक्याच्या पाठीवर मानेपासून कमरेपर्यंत सरळ रेघ मारली आणि तिच्यावरून कात्री चालवली. बायका बघतच राहिल्या. हात जरासुद्धा हलला नाही तिचा.

तेच पोलकं आता समोर आहे. पाठ उघडी, दोन्ही काठ लोंबतायत, मध्ये ताईची पांढरीफटक कातडी.

"सोड," ताई म्हणते.

चारू कापलेला काठ न्याहाळते.

"अगं सोड ना. चार निऱ्या तर आहेत. मग मी कपाटातली इरकल नेसते आणि जाते. पुन्हा येणार नाही. पाटी पण बदल, तुझं नाव लाव, मी काही म्हणणार नाही." आणि मग, मान वळवून, अगदी हळू, "सोड गं, चारू."

चारू. 'चारे' नाही, 'ए' नाही, 'अगं बावळट' नाही. चारू. जिवंत असताना एकदा जरी अशी हाक मारली असती, तर त्या दिवशी कपाटातली इरकलच निघाली असती. पोपटी साडीचं काम काय होतं? चारूचा हात पुढे जातो, ताईच्या कमरेला वळसा घालून निऱ्यांपर्यंत पोचतो. पोपटी नायलॉन बोटांना चिकटतं. सोडावं का? बहीण आहे शेवटी. एकाच आईच्या पोटची.

आणि मग तिला ऐकू येतं, बायका पदराआड हसतायत. चारूचं स्थळ काढ गं.

ती हात मागे घेते. दोन पावलं मागे सरते. मान कलती करते.

"छान दिसतंय, ताई," ती मधाळ आवाजात म्हणते. "तुझ्यासाठीच आलंय."

ताई वळते. चारूला वाटतं, आता ही रडेल. रडू दे! आयुष्यभर मी रडले, आता हिची पाळी. पण ताई रडत नाही. तिच्या ओठांच्या कडेला ते जुनं हसू येतं, गिऱ्हाइकाचा गळा फार खोल झालाय हे ओळखल्यावर यायचं ते.

"शिकलीस म्हणायची," ती म्हणते. "पाठ कर."

"कशाला?"

"पाठ कर म्हटलं ना."

आणि चारू पाठ करते. काय सांगावं, पंचवीस वर्षांची सवय. ताईनं वळ म्हटलं की अंग आपोआप वळतं. आता दोघी दुकानात आहेत, तीन आरशांच्या मध्ये, पण आरशांत चारू एकटीच दिसतेय.

"माझं माहेर तू होतीस," ताई पाठीमागून बोलते, अगदी माप घेताना बोलायची तशी, तोंडात टाचण्या धरल्यासारखी. "तुझं कोण आहे गं? माहेर म्हणजे मी, आणि मी आधीच गेले. सासर झालंच नाही. तुझ्यासाठी कोण निवडणार?"

"कुणीतरी निवडेल." चारूचा आवाज बारीक होतो.

"कुणीतरी म्हणजे शेजारपाजारचे. त्यांना घाई असते. ते दुकान उघडतील, आणि हाताला लागेल ते घेऊन येतील."

ताई वर बघते. आरशात ताई दिसत नाही, तरी ती कुठे बघतेय ते चारूला कळतं. वरच्या फळीवर, भिंतीकडे.

"नाही," चारू म्हणते. "ताई, ती नाही. ती नको गं. ताई, ऐक, मी सोडते तुझी साडी, ये इकडे, आत्ता सोडते..."

"नको. छान दिसतंय म्हणालीस ना?"

मानेच्या मणक्यावर काहीतरी थंड टेकतं. सरळ खाली येतं, घाई न करता, कमरेपर्यंत.

"हलू नकोस," ताई म्हणते. "रेघ वाकडी होईल."

शटर वर जातं. दणदण आवाज, उन्हाचा झोत, नसीमाच्या डब्याची किणकिण. चारू चटईवर दचकून उठून बसते. गुडघा ठणकतोय. तोंड कोरडं पडलंय. पंखा चालूच आहे आणि घामानं पोलकं अंगाला चिकटलंय.

"झोपलात होय मॅडम? झोपा की, अजून कुणी आलं नाही." नसीमा आत येते, मशीनवरचं फडकं काढते, आणि थांबते. "अगंबाई! ही पाठीवर रेघ कुणी मारली?"

"कसली रेघ?"

"खडूची. मानेपासून पार खालपर्यंत. सरळ आहे हो, अगदी कुंदाताईंच्या हातची वाटते." ती हसते. "थांबा, झटकते."

"हात लावू नकोस!"

नसीमा बिचकते. चारू उठून तीन आरशांच्या मध्ये जाऊन उभी राहते, मान वळवते. निळ्या पोलक्यावर पांढरी रेघ आहे. स्वतःचा हात कुठल्याही बाजूनं तिथपर्यंत पोचत नाही, ती करून बघते.

मग ती स्टूल ओढते, गुडघ्याची पर्वा न करता वर चढते, आणि वरच्या फळीवरून, भिंतीकडून, ती जांभळी साडी ओढून काढते. धूळ उडते. टिकल्या अजून तश्शाच चमकतायत मेल्या.

"नसीमा, ही घे. तुला. फुकट. आत्ता घरी घेऊन जा."

नसीमा साडी हातात घेते. उलगडते. खांद्यावर धरून आरशात बघते. चारू श्वास धरून उभी आहे.

"छान दिसतंय, नसीमा," ती म्हणते. आवाज कापतोय. "तुझ्यासाठीच आलंय."

"नको हो मॅडम," नसीमा ओशाळून म्हणते. "मी कुठे घालू ही? आमच्याकडे हसतील मला." आणि चांगल्या मनाची बाई ती, टिकल्या चुरगळू नयेत म्हणून साडीची नीट घडी घालते. "पण वर भिंतीशी कशाला कोंबता? म्हणून तर खपत नाही. इथे दारापाशी ठेवते, पुढेच. दुकानात शिरल्या शिरल्या हाताला लागेल."