लग्नाला नेलेली आई

फोन आला तेव्हा मी आमच्या राजुरीतच एका लग्नाच्या पंगतीत जिलेबी वाढत होतो. भावकीत माझं नाव दोनच गोष्टींसाठी घेतात, थापा आणि आग्रह. पाहुण्याने ताटावर आडवा धरलेला हात हळूच सरकवून जिलेबी सोडावी तर मीच. फोनवर मंदाताई होत्या, आईला ठेवलं होतं त्या केंद्राच्या. म्हणाल्या, आजी गेल्या, झोपेतच, कुणाला काही त्रास न देता. मी परात शेजारच्याच्या हातात दिली आणि मांडवाबाहेर येऊन उभा राहिलो... आता महिना होऊन गेला, पण ते ‘त्रास न देता’ अजून टोचतं. त्रास न देणारी बाई आमची आई नव्हतीच हो.

तिखट बाई. भाजीत मीठ कमी पडलं की सुनेला सोडून मला बोलायची, ‘तुला जीभ हाये का न्हाई’ म्हणून. वडील गेल्यावर गोठा तिनेच सांभाळला, गुडघे थकले तेव्हा गाई विकल्या. पुढे ती विसरायला लागली. आधी नावं, मग जेवलेलं, शेवटी गाई विकल्याचंही. दिवस मावळला की त्यांना हाका मारत उसात शिरायची, आणि आमच्याकडच्या उसात बिबट्या असतो. एका संध्याकाळी तिला ओढून बाहेर आणलं, तर बांधावर ओल्या मातीत त्याचे ताजे ठसे. माझी बायको सुनंदा म्हणाली, आता कुलूप आणा. दाराला कुलूप लावलं तर आई दारावर डोकं आपटायची. सुनंदाची झोप उडाली, माझं डोकं चालेना. डॉक्टरांनी सांगितलं, अशा माणसांना ठेवून घेणारी केंद्रं असतात. शिनोलीच्या बाजूला मंदाताईंचं तसं एक छोटं केंद्र होतं. जाऊन पाहिलं. स्वच्छ होतं, माणसं मायेची होती. ठरवलं.

आता आईला सांगायचं काय? थापाड्या लेकाला त्यात काय अवघड. म्हटलं, “आई, शिनोलीला पावण्यांकडं लगीन हाये. चार दिवस आधीच जायचंय.” तिने आपणहून ठेवणीतलं लुगडं काढलं, नेसली, गाडीत बसली. डोक्यावर पदर घेऊन वाटभर बाहेर बघत होती, आणि मी आपला स्वतःच्या अकलेवर खूश.

तिथे आई पाहुणी म्हणून गेली आणि पाहुणी म्हणूनच राहिली. बिनसाखरेच्या चहालाही “लई झ्याक झालाय” म्हणायची. परक्याच्या घरी बाईमाणसाने दिवसा लोळायचं नसतं म्हणून दुपारी आडवी होईना. निघते म्हणाली की मंदाताई म्हणायच्या, आजी, आजचा दिवस राहा. एवढा आग्रह मोडायचा कसा, म्हणून राहायची. ही युक्तीही माझीच. मी भेटायला गेलो की मला निरखून बघायची आणि हळूच विचारायची, “तुमी बी लग्नालाच का, पावणं? नवरी काय दिसली न्हाई अजून.” मी सांगायचो, नवऱ्या मुलाला रजा मिळेना, मुहूर्त पुढे गेलाय. मग आम्ही दोघं मिळून त्या नवऱ्याला नावं ठेवायचो. हसायचोसुद्धा.

पण आई वाळत चालली. मंदाताईंनी तपासण्या करून घेतल्या, दुखणं काही सापडेना. मी म्हणायचो, वय झालं. एकदा नेमका जेवणाच्या वेळी पोचलो. भाकरी वाढायला आल्या, आणि आईने ताटावर हात आडवा धरला... घरी दोन भाकरी खाणारी आई. मी तिच्याजवळ बसलो. म्हटलं, “आई, तू पावणी न्हाईस. हे घर तुझंच हाये. पोटभर जेव.”

ती हसली. माझी समजूत काढावी तसा हातावर हात ठेवला. “समदी असंच म्हणत्यात, पावणं. घर तुमचंच समजा म्हणत्यात. आपण आपलं मापात ऱ्हावं.”

घर तुमचंच समजा! दारात आलेल्या प्रत्येकाला मीच तर हे ऐकवत आलो होतो.

शेवटच्या भेटीत मी उठलो तेव्हा तिने बाही धरली. “राजुरीकडं जाणार असाल तर माझ्या लेकाला निरोप द्या. म्हणावं, लगीन व्हईल तवा व्हईल, मला न्यायला ये.” मी म्हटलं, सांगतो. सांगतो म्हणालो आणि गाडी सुरू केली... उसात बिबट्या होताच, आणि सुनंदा आता कुठे झोपायला लागली होती. उद्या पुन्हा ठरवायची वेळ आली तर मी बहुतेक तेच केंद्र ठरवीन. पण लग्नाचं सांगणार नाही. भांडू देईन तिला. शिव्या देत का होईना, ती तिथे राहायला गेली असती. वाढायला उशीर झाला म्हणून मंदाताईंवर डाफरली असती, आणि दुसरी भाकरी मागून घेतली असती.

दहावं झाल्यावर तिचं सामान आणायला गेलो. कॉटमागची भिंत नव्यासारखी पांढरी होती. आई कधी टेकून बसलीच नव्हती.

आमच्या स्वयंपाकघरात मागच्या दाराजवळ भिंतीवर एक तेलकट डाग आहे, खाली बसल्यावर डोकं टेकेल त्या उंचीवर. परवा रंगारी आला आणि आधी तोच खरवडायला निघाला. सुनंदा म्हणाली, तेवढी जागा सोडा. तो म्हणाला, ताई, चार पावणं येतील, बरं दिसणार नाही. ती म्हणाली, “नाय तर नाय.”

बाकी भिंत आता पिवळी झालीय. संध्याकाळचा चहा घेऊन मी त्या डागाच्या शेजारी बसतो... डोकं टेकवत नाही.