मी अडवून ठेवलेलं पुस्तक

सक्करदऱ्याच्या तलावापासून पाच मिनिटांवर आमचं वाचनालय होतं. दोन खोल्या, सात कपाटं आणि बाहेरच्या ओट्यावर दोन बाकं. एक निवृत्त मुख्याध्यापक ते चालवायचे. सगळे त्यांना गुरुजी म्हणत. कथा-कादंबऱ्यांच्या कपाटांपुढे संध्याकाळी गर्दी असायची, पण विज्ञान, अर्थशास्त्र आणि इतिहास ही तीन कपाटं उघडायला गेलं की बिजागऱ्या कुरकुरायच्या. गुरुजींना त्याचं फार वाईट वाटे. म्हणून त्यांनी दाराशी एक फळा लावला आणि दर रविवारी त्या तीन कपाटांतल्या एका पुस्तकाबद्दल चार ओळी लिहायचं काम माझ्याकडे दिलं.

सत्तरच्या दशकाची ती सुरुवात होती. मी मुलींच्या शाळेत शिकवत होते. अर्थशास्त्रात एम.ए. झालेली आमच्या गल्लीत मी एकटीच, आणि ते मी कुणाला विसरू देत नसे. तीन वर्षं मी फळा लिहिला. ‘विषयाचा सर्वांगीण परामर्श घेणारा मौलिक ग्रंथ. जिज्ञासूंनी अवश्य वाचावा.’ अशी माझी भाषा. लोक थांबून म्हणत, “बाई, अक्षर कसं मोत्यासारखं आहे हो.” पुस्तक मात्र कुणी नेत नसे. मी त्याचा दोष लोकांना देत असे.

खरी गोष्ट वेगळी होती. त्यातली निम्मी पुस्तकं मी पूर्ण वाचलेलीच नव्हती. प्रस्तावना, अनुक्रमणिका, मधली दहा-वीस पानं, एवढ्यावर माझ्या चार ओळी निघत.

मग ती आली. कन्हानला कोळशाच्या खाणीच्या दवाखान्यात ती नर्स होती. भाऊ आमच्या भागात राहायचा, म्हणून सुटीच्या दिवशी ती बसने इकडे येई. माझ्याच वयाची, तिशीच्या आतबाहेरची. पायात रबरी चपला, खांद्यावर कापडी पिशवी. पहिल्याच दिवशी तिने फळा वाचला आणि मी ज्यावर लिहिलं होतं ते पैशाच्या इतिहासावरचं जाडजूड पुस्तक घेऊन गेली. मला आनंद झाला. तीन आठवड्यांनी ती ते परत घेऊन आली आणि सरळ माझ्याशेजारी बाकावर बसली.

“बाई, तुमी लिवलं म्हणून नेलं. लय चांगलं आहे. पण शेवटच्या प्रकरणात थो उलटंच बोलून राहिला न? आधी म्हणते सरकारनं नोटा छापू नये, आन् मंग म्हणते छापल्याच पाहिजे. तुमाले काय वाटते?”

शेवटचं प्रकरण मी उघडलंही नव्हतं. मी म्हटलं, “हो, त्यावर विद्वानांत मतभेद आहेत.”

ती माझ्याकडे पाहत राहिली. थट्टेने नाही, खरंच पुढचं ऐकायला. गुरुजी आत टेबलाशी बसले होते. त्यांनी मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. त्या दिवशी जो मत्सर पेटला तो पुढे कित्येक महिने विझला नाही.

पुढच्याच महिन्यात गुरुजींनी तिला विचारलं, “एका रविवारी तुम्ही लिहाल का?” मला न विचारता! तिने एका विज्ञानाच्या पुस्तकावर लिहिलं. पाण्यातून रोग कसे पसरतात आणि ते माणसाला कसं कळलं, त्याची हकिगत त्या पुस्तकात होती. तिचं अक्षर वाकडंतिकडं, ओळी उजवीकडे उतरत गेलेल्या. तिने लिहिलं होतं:

‘हे पुस्तक भीती वाटेल असं आहे, पण वाचा. दुसरं प्रकरण कठीण आहे. ते सोडून पुढं जा, मग मागं या. आपल्या घरचं पाणी कुठून येते, हे वाचल्यावर तुम्ही नक्की विचाराल. पाण्यातून रोग येतो हे डॉक्टरांना आधीच कळलं होतं, लोकांनी ऐकलं नाही.’

मी मनात हसले. ही काय शिफारस झाली? पण त्या एका दिवसात चार जणांनी पुस्तक मागितलं. चौकातला मिठाईवाला आला. नळाच्या पाइपलाइनवर काम करणारे एक काका आले. माझ्या शाळेतल्या शिवणाच्या बाई आल्या, ज्यांनी माझ्या तीन वर्षांच्या फळ्याला कधी वळूनही पाहिलं नव्हतं. गुरुजी तर लहान मुलासारखे खूश होते. मला म्हणाले, “पाहिलं का बाई? पुस्तक वाचलेलं माणूस कसं बोलतं ते!”

ते सहज म्हणाले असतील. मला मात्र ते चटका बसावा तसं लागलं. रात्रंदिवस मी तिचं माझ्याशी मोजमाप घेत राहिले. मी एम.ए., ती मॅट्रिकनंतर नर्सिंग केलेली. माझी भाषा शुद्ध, ती ‘मले’ आणि ‘काहून’ म्हणणारी. आणखीही एक गोष्ट होती, जी तेव्हा मी स्वतःशीही कबूल केली नसती. तिच्या घरच्यांनी छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. आमच्या घरात अशा लोकांबद्दल गोड बोलत, त्यांना चहाही देत, पण ते आपल्यापुढे जातील हे कुणाच्या डोक्यात नसे. माझ्याही नव्हतं. माझ्या जळण्यात तेही सरपण होतं.

त्या पुस्तकाची एकच प्रत होती, म्हणून गुरुजींनी चौघांची नावं लिहून घेतली आणि पुढच्या रविवारी यायला सांगितलं. कपाटांच्या किल्ल्या माझ्याकडे असत. चौघांपैकी कुणाला ते मिळायच्या आधी मी ते वहीत न लिहिता पिशवीत टाकलं आणि घरी आणून ट्रंकेत, लुगड्यांच्या घडीखाली ठेवलं. पुढच्या रविवारी काका आले. “बाई, थे पाण्याचं पुस्तक?” मी म्हटलं, “कुणीतरी नेलंय.” त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. गुरुजी कपाटं धुंडाळत राहिले. नर्सबाई म्हणाली, “जाऊ द्या गुरुजी, वाचणाराच घेऊन गेला असंन.”

पुस्तक काही दिवस तसंच पडून होतं. मग मी ते काढलं आणि वाचायला लागले. ज्ञानासाठी नव्हे, तिची चूक सापडावी म्हणून. शाळेतून आल्यावर, भाजी निवडताना, सासूबाई पोथी वाचत असताना मी ते वाचत असे. दुसरं प्रकरण खरंच कठीण होतं. मी ते सोडलं आणि नंतर मागे आले, तिने सांगितलं होतं तसंच, आणि त्याचाही मला राग आला. पण आयुष्यात पहिल्यांदा मी असं एक पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं. आणि चूक सापडली! पुस्तकात तिच्या लिहिण्याच्या उलट होतं. मोठमोठे डॉक्टरच पाण्याची गोष्ट मानायला तयार नव्हते. त्यांच्या मते रोग दुर्गंधीतून, वाईट हवेतून येत होता.

तो आठवडा मी कसा काढला ते मलाच ठाऊक. रविवारी ओट्यावर पाच-सहा माणसं असताना मी मोठ्याने म्हटलं, “तुम्ही त्या दिवशी फळ्यावर चूक लिहिली होती. डॉक्टरांना आधी काहीच कळलं नव्हतं. उलट तेच विरोध करत होते. स्पष्ट दिलंय, पाचव्या प्रकरणात.”

तिचा चेहरा पडेल अशी माझी अपेक्षा होती. ती हसली. “व्हय का? अरे बाप्पा, बरोबर आहे! मी वाचलं होतं न थे. पण दिवसभर डॉक्टरसाहेबाइच्या हाताखाली राहते, त्याइले चुकलेलं म्हणवलंच नाही माह्याच्यानं.” आणि तिने खडू उचलून त्या दिवसाच्या मजकुराखाली लिहिलंसुद्धा: ‘मागे मी पाण्याच्या पुस्तकाबद्दल चूक लिहिली होती. बाईंनी पुस्तक नीट वाचून ती दाखवली.’

लिहून झाल्यावर तिचा हात थांबला. ती माझ्याकडे वळली. प्रश्न आला तो पाइपलाइनवाल्या काकांकडून. “म्हणजे पुस्तक तुमच्यापाशीच होतं, बाई? मी तीनदा येऊन गेलो न.”

गुरुजींनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्याने पुसत बसले. मी तशीच उठले, घरी गेले, पुस्तक आणलं आणि काकांच्या हातात दिलं. “माझ्याकडेच होतं. मी मुद्दाम ठेवलं होतं.” काकांनी पुस्तक घेतलं, पुढचं-मागचं पान पाहिलं आणि म्हणाले, “वाचाले किती दिवस लागते?” त्यांना तेवढंच हवं होतं.

गुरुजींनी नंतर एकदाच विषय काढला. “किल्ल्या तुमच्याकडेच राहू द्या. पण जे शेवटपर्यंत वाचाल, त्यावरच लिहा.” त्यानंतर माझा फळा महिन्यातून एकदा येऊ लागला. उरलेले रविवार तिचे. तिची पुस्तकं जास्त जात. ते पाहून दर वेळी आत काहीतरी टोचायचंच. माफी मागितली की मत्सर जातो, असं मला तरी आढळलं नाही.

ऐंशीच्या दशकात गुरुजी थकले. नवी पुस्तकं निवडायचं काम आम्हा दोघींवर आलं. एका दुपारी सीताबर्डीच्या दुकानात आम्ही तासभर भांडलो. शेतीच्या अर्थकारणावरचं एक पुस्तक तिला हवंच होतं. मी चाळलं आणि म्हटलं, “कोरडं आहे. कोण वाचेल?”

“तुमी काहून वाचणार नाही? घ्या वं बाई, माह्यासाठी घ्या.”

शेवटी घेतलं. त्या उन्हाळ्यात ते मी घरी नेलं आणि चार दिवसांत संपवलं. अर्थशास्त्र शिकवत मी इतकी वर्षं काढली, पण बाजारात धान्याचा भाव कसा ठरतो हे मला त्या पुस्तकाने समजावलं. तिने विचारलं, “कसं वाटलं?”

मी म्हटलं, “ठीक आहे. वाचण्यासारखं आहे.”

त्याहून जास्त म्हणणं मला जमलं नाही.