चार नंबरच्या खोलीतली मेथी

"कारभारी, आजबी मेथीच हाय," शेजारच्या खोलीतली तुळसाबाई म्हणाली आणि नाकाला पदर लावून तिनं चार नंबरच्या खोलीकडं बोट दाखवलं. दाराला बाहेरून हे एवढं कुलूप, आणि आतून लसणाच्या फोडणीचा खमंग वास.

मी तेव्हा बीडला शेठजींच्या खोल्यांचा कारभार बघायचो. एका अंगणाभोवती सहा खोल्या, सहा किरायेदार. किराया वसूल करायचा, मातीच्या छपरांची गळकी धाबी लिंपून घ्यायची, भांडणं मिटवायची. निजामाचं राज्य असो की आणखी कुणाचं, हे काम तेच. चार नंबर गुलाबभाई बागवानाची. तो आंब्याच्या धंद्यापायी हैदराबादला गेलता, आगाऊ किराया भरून आणि कुलूप लावून. माणूस तिकडं आणि इकडं चूल पेटलेली!

"भूत हाय," तुळसाबाई म्हणाली. "आमी अमावस्येच्या आत खोली सोडणार."

"अवो, भूत मेथी कुठून आणतंय?"

"ते त्यालाच इचारा की!"

बाकीच्या चौघांनीही बोचकी बांधायला घेतली. शेठजींना घाम फुटला. त्यांचं घर या सहा खोल्यांवरच चालायचं.

"नारायण, फोड ते कुलूप!"

"न्हाई शेठजी. कुलूप किरायेदाराचं हाय. उद्या तो म्हणंल, आत सोन्याच्या पाटल्या होत्या. अदालतीत साक्षीला कोण येणार, भूत?"

"मग काय भुताची आरती करू?"

"दार आपलं हाय. दार काढू."

पंच बोलावले, सुतार बोलावला. मातीच्या भिंतीतून चौकटीसकट दार उपसलं आणि अंगणातल्या लिंबाला टेकवून ठेवलं. कुलूप जसंच्या तसं लटकत होतं. आत एक किडकिडीत माणूस पाटावर बसलेला, हातात भाकरीचा तुकडा. आम्हा सगळ्यांना बघून तो उठला आणि म्हणाला, "या, जेवायला या."

एक पंच खरोखरच पुढं सरकला. त्याला मी सदऱ्याला धरून मागं ओढलं.

हा पोटकिरायेदार. म्हणजे किरायेदारानं मालकाच्या माघारी ठेवलेला दुसरा किरायेदार. नाव रघुनाथ, तहसील कचेरीत कारकून. मागं नाल्याच्या अंगाला खिडकी होती, तिथून त्याची ये-जा. पुढून कुलूप बघून मी निर्धास्त होतो.

"चोरासारखा खिडकीतून येतोस? लाज न्हाई वाटत?" शेठजी कडाडले.

"आधी दारातूनच आलतो, शेठजी. तुमीच म्हणलात, एकट्या गड्याला खोली देत न्हाई."

नियम खरा होता. गावातल्या सगळ्याच मालकांचा होता. एकटा गडी म्हणजे पत्ते, आरडाओरडा आणि एक दिवस पसार.

"मग लगीन कर!"

"त्याच खटपटीत हाय. नांदूरघाटची पोरगी हाय. तिचा बाप म्हणतो, आधी खोली दाखव. पंधरा दिवसांनी येणार हाय बघायला. सासऱ्याला खिडकीतून कसं घेऊ, सांगा?" खोलीपायी त्याची आधीची दोन स्थळं मोडली होती. मला त्याची लई कीव आली, आणि हसूही आवरेना.

शेठजी त्याला त्याच पावली हाकलणार होते. मी म्हणालो, "भूत भाकरी खाताना सगळ्यांनी बघितलंय, म्हणून बोचकी सुटलीत. खोली परत रिकामी झाली तर हेच लोक परत भूत बघतील." त्यांनी त्याला राहू दिलं. मी हैदराबादला निरोप धाडून गुलाबभाईकडून खोली सोडल्याचं लिहून आणवलं. त्याचा तिकडं जम बसलाच होता. पहिला किरायेदार लिहून देत नाही तोवर दुसऱ्याशी करार करू नये, नाहीतर एका खोलीला दोन जावई होतात.

पाव्हणे आले, म्हणजे पोरीचा बाप. धिप्पाड गडी, डोक्याला फेटा. शेठजींच्या समोर बसले.

"आधी लगीन, मग खोली," शेठजी म्हणाले.

"आधी खोली, मग पोरगी," पाव्हणे म्हणाले.

दोनदा सुपारी फिरली तरी कुणी हटेना. रघुनाथ मधे बसून इकडून तिकडं मान वळवत होता. आता हेही स्थळ जाणार, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं.

मी विचारलं, "शेठजी, ह्याची बायको आली तर तुमाला काय मिळणार?"

"भरवसा. बायकापोरांचा माणूस पळून जात न्हाई."

"आन् पाव्हणे, जावई पळाला तर?"

"तंगडं मोडीन त्याचं!"

"बास. मग किरायानाम्यावर जामीन तुमीच ऱ्हावा."

जामीन म्हणजे किरायेदार चुकला तर त्याच्या बदली भरून देणारा. असला जामीन शेठजींना जन्मात मिळाला नसता. त्याच बैठकीत किरायानाम्यावर सही झाली आणि लग्नाची सुपारीही फुटली. रघुनाथ आधी माझ्या पाया पडला, मग शेठजींच्या, मग गडबडीत दार दुरुस्त करायला आलेल्या सुताराच्याही.

नवरी आली, गोदावरी नाव. पहिल्याच दिवशी म्हणाली, धूर कोंडतो, तो जायला धाब्याला सवनं, म्हणजे भोकं पाडून द्या. मग म्हणाली, मागच्या खिडकीला गज न्हाईत, कुणीबी आत येईल. मग मोरी, मग ओटा. तिचं झालेलं बघून तुळसाबाईनं मोरी मागितली, आणि मग पाचही खोल्या मागायला लागल्या.

जामीन सासरा असला की किराया बुडत नाही, एवढं मी छातीठोक सांगतो. दुरुस्तीचा खर्च मात्र आधीच धरावा.

महिन्याभरानं शेठजी चुन्यानं माखलेले माझ्या ओट्यावर येऊन टेकले.

"नारायण, पुढं एखादी खोली रिकामी झाली तर..."

"बायकापोरांचाच माणूस बघतो, शेठजी."

"नगं बाबा," ते हात जोडून म्हणाले. "एकटा गडी बघ."