खाली न टेकलेली डोली

या ग्रुपवर मी आजवर फक्त हसायला येत होते. हायवेवर लिफ्ट मागणारी पांढऱ्या साडीतली बाई वगैरे वाचून "आमच्या खड्ड्यांत तिचंच कंबरडं मोडेल" अशी कमेंट करणारी ती मीच. आज स्वतःचंच लिहायची वेळ आलीय... तुम्हीही हसून घ्या.

मी बिरवाडीत खोली घेऊन राहते आणि महाडच्या एका खाजगी हॉस्पिटलात रिसेप्शनला बसते. नाव सांगणार नाही, नोकरी हवी आहे. आमचा नियम – आधी डिपॉझिट, मग ॲडमिशन, मग स्ट्रेचर. तशी पाटी कुठेच नाही, पण मॅनेजरसाहेबांनी तो आमच्याकडून घोटून घेतलाय.

ऑगस्टातली दुपार. गणपतीला अवकाश होता, म्हणजे मुंबईकर अजून गावी आलेले नव्हते. दारात टेम्पो थांबला आणि दोघे पुरुष खांद्यावर डोली घेऊन थेट माझ्यासमोर आले. बांबूला बांधलेली चादर, आत बाळंतपणाला अडलेली पोरगी, सोबत तिची सासू. पोलादपूरच्या डोंगरातली, रस्ता नसलेली वाडी. सरकारी दवाखान्याने ऑपरेशन लागेल म्हणून पुढे पाठवलेलं. टेम्पोतसुद्धा बांबू दोन्हीकडच्या दांड्यांवर ठेवून डोली लटकतीच आणली होती.

"खाली ठेवा की, दमला असाल," मी म्हटलं.

"नाय ताई," पुढे उभा असलेला तिचा दीर गणपत म्हणाला. "डॉक्टरच्या हातात जाईस्तवर डोली भुईला टेकवायची नाय. टेकली तर मानूस परत वाडीवर येत नाय, असं हाय आमच्यात."

मी कपाळावर हात मारला आणि डिपॉझिटचं विचारलं.

"पोरगा मुंबईला हाय, पाठवतो म्हनालाय," सासू म्हणाली. "तवर पोरीला आत घे गो बाय!"

साहेबांना फोन लावला. जेवायला गेलेले, उचलेनात. परत लावला. चादरीतून कण्हणं ऐकू येत होतं, मग तेही थांबलं.

मान वर केली तर डोलीचं मागचं टोक एका म्हाताऱ्याच्या खांद्यावर होतं. उघडाबंब, काटक, डोक्याला लाल फडकं, गाठ कानावर. बांबू जरासुद्धा हलत नव्हता. चिडलेला नव्हता हो तो! आमच्या काउंटरसमोर माणसं ताटकळतात तसा, कधीतरी आपल्याकडे बघतील म्हणून उभा होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. फोन आपटला आणि ओरडले, "मावशी, स्ट्रेचर आणा! पेशंट आधी आत!"

आई वाचली, मुलगीही वाचली. साहेब आल्यावर माझ्यावर खेकसले. इमर्जन्सी अडवायची नाही हे कायद्यातच आहे, असं मीही त्यांना सुनावलं.

नंतर मंडळींना चहा नेऊन दिला. बाहेरच्या पायरीवर त्यांचे शेजारी धोंडूकाका बसले होते. येताना डोलीच्या मागे तेच होते.

"ते दुसरे बाबा कुठे गेले?" मी विचारलं.

"कोन बाबा? आमी दोगंच. वाडीत खांदा द्यायला हाय कोन दुसरं?" काका म्हणाले. "आन मी तर कवाचा हितं. आत आल्याआल्याच डोळ्यांपुढं अंधारी आली, कसा भायेर आलो माझं मला ठावं नाय."

गणपत त्यांच्याकडे बघतच राहिला. "काका, मागं वजन तर पेललेलं व्हतं. मला वाटलं तुमीच."

मी लाल फडक्याचं सांगितलं. सासूने पदर तोंडाला लावला.

"गनपतचा बापूस," ती म्हणाली. "त्यांना बी असंच आनलेलं, लय वर्सं झाली. दुसऱ्या दवाखान्यात. पैसं नव्हतं, आत घेतलं नाय. उभं राहून राहून मानसांचं खांदं गेलं, तवा दारात खाली ठेवलं. तितंच गेले. 'उचला रे मला' म्हनत व्हते..."

चहा तसाच थंड झाला.

आता तुम्ही विचाराल – कॅमेरा? तो गल्ल्यावर रोखलाय, माणसांवर नाही. मी उपाशी होते, घाबरले होते, भास झाला असेल... मान्य. पण मग बांबू कोणी धरला होता?

हल्ली दारात कोणी आलं की मी आधी स्ट्रेचर मागवते. साहेब म्हणतात, नोकरी जाईल. जाऊ दे. त्या म्हाताऱ्याला पुन्हा कुणाची डोली धरून माझ्यासमोर उभं राहायला लागू नये, एवढंच.