शेणानं सारवलेलं नाव

जव्हारच्या पोलीस ठाण्यात असतानाची ही केस अजून डोक्यातून जात नाही. निवृत्त झालो, पण नकला करायची खोड काही गेली नाही. त्यामुळे ज्याचं बोलणं त्याच्याच ढंगात सांगतो.

चौकात सैनिकांचं स्मारक नुकतंच उभं राहिलं होतं. काळा दगड आणि त्यावर जव्हार-मोखाड्यातल्या फौजींची सोनेरी नावं. शहीद झालेले वर, निवृत्त होऊन घरी आलेले खाली. एका सकाळी खालचं एक नाव शेणाखाली गेलेलं दिसलं. समितीचे अध्यक्ष नाकात बोलायचे. "साहेंब, हा सैनिकांचा अपमाँन आहे! अटक पाहिंजे!"

खबर चहाच्या टपरीवर मिळाली. पोशेऱ्याकडचा एक तरुण समितीच्या मीटिंगमध्ये ओरडला होता, "शेण लावीन तुमच्या दगडाला!" त्याचे वडील फौजेतून निवृत्त झालेले आणि त्यांचं नाव दगडावर यायचं राहून गेलं होतं. त्याला उचलून आणलं. पोरगा सैन्यभरतीत पास झालेला, चारित्र्य पडताळणीचा कागद माझ्याच टेबलावर. गुन्हा दाखल झाला, की वर्दी गेली.

"काय रे, तोंडानंच लावतोस शेण, का हातानं पण?"

"बोललो साहेब, राग होता. पन लावला नाय. ज्यांचं नाव झाकलंय ना, त्यांनीच मला धावायला शिकवलं."

वरून फोन आला, आजच गुन्हा नोंदवा. मी म्हटलं, "सर, आधी आरोपी तर सापडू द्या."

पुन्हा पंचनाम्याच्या जागी गेलो. अपमान करणारा शेण लांबून फेकतो. इथं तर बोटांचे अर्धगोल उमटलेले, कडा सरळ, शेजारच्या नावावर शिंतोडा नाही. हे फेकलेलं नव्हतं, सारवलेलं होतं.

नाव होतं ठाणे शहरात वॉचमनची नोकरी करणाऱ्या एका माजी सैनिकाचं. त्याला फोन लावला, तर तो गरजला, "छोडना नहीं साब उसको!" गावी त्याची म्हातारी आई एकटीच असायची. कुणाशी वैर आहे का विचारायला तिला बोलावलं.

म्हातारी आली. भिंतीवर आमच्या ठाण्यात होऊन गेलेल्या अधिकाऱ्यांच्या नावांचा बोर्ड असतो. तिनं तो वरपासून खालपर्यंत पाहिला आणि हात जोडले.

"आई गं! एवढे साहेब मेले?"

हवालदार फिस्सकन हसला. मी म्हटलं, "बाय, मेले कुठं? यातले निम्मे पेन्शन खातात."

ती चिडली. "जित्या मान्साचं नाव कोरून टांगता? लाज नाय?"

माझं हसू थांबलं. त्या डोंगरात माणूस गेला, की त्याच्या नावाचा चिरा बसवतात, दगडाचा नाहीतर लाकडाचा. जित्याचा कुणी बसवत नाही.

"बाय, दगड तुम्ही सारवलात?"

"मंग कोन सारवील? पोर आला, हौसेनं दाखवलंन, आये, खालून दुसरा मी. माझा जीव उडाला. तो लढाईतून जिता आला नि तुमी त्याला चिऱ्यात घातलात! मी जिती हाय तवर नाय चालायचा." मग आत बसलेल्या तरुणाकडे बोट केलं. "त्याला सोडा. मला घाला आत."

मी गुन्हा नोंदवला नाही. म्हातारीच्या मुलाला ठाणे शहरातून बोलावून घेतलं. फोनवर गरजणारा तो गडी आईपुढे मान खाली घालून उभा राहिला, आणि त्यानंच अध्यक्षांना सांगितलं, "माझं नाव काढा." मग बाकीच्या जित्यांनीही तेच सांगितलं. आता दगडावर फक्त गेलेले आहेत. झेंडावंदनाला जिते फौजी त्याच्या शेजारी स्वतः उभे राहतात.

पडताळणीच्या कागदावर त्याच दिवशी सही केली. या केसनं मला एवढंच शिकवलं, की कुणी काय केलं हे ठरवण्याआधी ते कसं केलंय ते नीट बघावं.

तो तरुण आता सीमेवर असतो. रजेवर आला, की फोन करून चिडवतो, "साहेब, दगडावर जागा हाय का?"

मी म्हातारीचा आवाज काढतो, "जिता हायस ना? मंग बाजूला उभा ऱ्हा!"