अर्ध्या तासाने गार होते

ब्रेकरमावशी हे नाव तिला कुणी ठेवलं ते आता कुणालाच आठवत नाही, पण ते बसलं मात्र चपखल. विजेच्या शेगड्या बनवणाऱ्या एका कंपनीत आम्ही फोनवर बसायचो. वर काळी काच, काचेखाली चार गोल वेटोळी, खाली ओव्हन, अशी ती शेगडी. कुणाच्या घरी ती रुसली की फोन आमच्याकडे. मावशीचा पहिला उपाय ठरलेला असायचा : "भिंतीवरच्या पेटीतला शेगडीचा ब्रेकर पाडा, साठ आकडे मोजा, परत चढवा." दहातल्या चार शेगड्या तेवढ्यानेच ताळ्यावर यायच्या.

ती काही पुस्तक वाचून शिकलेली नव्हती. तिच्या भावाचं दुरुस्तीचं दुकान होतं. तिथे बारा वर्षं तिने स्वतःच्या हाताने शेगड्या खोलल्या होत्या. भाऊ थकला, दुकान बंद झालं, आणि पन्नाशीला टेकलेली मावशी आमच्याकडे आली. माझी खुर्ची तिच्या शेजारी. मी नवखी होते, कुठे अडले की फोनवर हात ठेवून तिच्याकडे बघायचे. ती आपला फोन न सोडता कागदावर एक शब्द लिहून माझ्याकडे सरकवायची. तो शब्द कधी चुकला नाही.

एकदा एक बाई फोनवर तावातावाने सांगत होत्या, की शेगडीचं एकही बटण चालत नाही, कंपनी लबाड आहे. मावशीने विचारलं, "कुलपाचं चित्र दिसतंय का? तीन सेकंद दाबून धरा. तुमच्या नातवाने कुलूप लावलंय."

"मला नातू नाही!"

"मग तुमच्या कोपराने लावलंय."

बाई हसल्या. शेगडी सुरू झाली. फोन दीड मिनिटात संपला.

भिंतीवर एक पडदा होता, त्यावर प्रत्येकाचा फोन सरासरी किती वेळ चालतो ते दिसायचं. सगळ्यांत कमी वेळ कायम मावशीचा. कारण समोरच्याचं वाक्य अर्ध्यावर असतानाच तिला उत्तर ठाऊक असायचं, आणि ते ती देऊन टाकायची. आम्हाला याचं केवढं कौतुक! मी तर तिची नक्कलही करून दाखवायचे. माणसाने "अहो, माझ्या शेगडीचा..." एवढं म्हणावं आणि मावशीने "ब्रेकर!" म्हणावं. सगळे पोट धरून हसायचे. मावशीही.

एका मंगळवारी, जेवणाच्या सुट्टीच्या थोडं आधी, माझ्याकडे एका मुलीचा फोन आला. आवाज अगदी शांत होता, आणि तसा शांत आवाज मला नेहमी घाबरवतो. ती म्हणाली, "माझ्या आईचा उजवा हात भाजलाय. तळहात आणि मनगटापर्यंत. शेगडी बंद होती. बटण बंद होतं. तुमच्याकडे आम्ही आधी फोन केला होता, तेव्हा तुम्ही काय सांगितलंत ते मला ऐकायचंय."

मी तिच्या वडिलांचा नंबर टाकून जुनी नोंद उघडली. नऊ दिवसांपूर्वीची. 'बंद केल्यावरही लाल दिवा राहतो अशी शंका. गरम काचेच्या दिव्याबद्दल माहिती दिली. ग्राहकाचं समाधान.' खाली मावशीचं नाव.

मी मान वळवली. मावशी कुणाला तरी ओव्हनचं घड्याळ कसं लावायचं ते सांगत होती. मी नोंद बंद केली, त्या मुलीचा नंबर घेतला, आणि वरचे लोक तुम्हाला फोन करतील एवढंच सांगितलं. मावशीला सांगायला मला संध्याकाळचे चार वाजले. कसं सांगू, याचीच मी तोवर जुळवाजुळव करत होते.

तिने नोंद वाचली. "दिवाच असेल," ती म्हणाली. "सगळे हेच विचारतात. काच गार होईस्तोवर दिवा राहतो, आणि लोकांना वाटतं शेगडी चालूच आहे." मग तिने विचारलं, "हात कितपत भाजलाय म्हणाली?"

तंत्रज्ञ त्यांच्या घरी जाऊन आला. त्याचा अहवाल तीन ओळींचा होता. डावीकडच्या पुढच्या चुलीच्या बटणामागचा स्विच आतून चिकटला होता. बटण बंदवर फिरवलं तरी वीज जातच होती. वेटोळं फार तापलं की काच फुटू नये म्हणून ते आपोआप थोडा वेळ विझायचं, तेव्हा वरून काच काळी दिसायची. पण असायची तव्यासारखी तापलेली.

दुसऱ्या दिवशी सुपरवायझरांनी मावशीला आत बोलावलं. ती सोबत मलाही घेऊन गेली, तुझ्याकडे फोन आला होता म्हणून. टेबलावर त्या जुन्या फोनची ध्वनिफीत लावलेली होती.

सुपरवायझर म्हणाले, "मी दोनदा ऐकली. फोनवर काय सांगायचं ते तुमच्या समोरच्या पडद्यावर लिहिलेलं असतं, तुम्ही तेच सांगितलंत. शब्दन् शब्द. घाबरायचं कारण नाही. आपली बाजू भक्कम आहे."

मावशी म्हणाली, "मला ऐकू द्या."

फितीत एका म्हाताऱ्या माणसाचा आवाज होता. सावकाश, शब्द निवडून बोलणारा. "नमस्कार. आमच्या शेगडीची एक चूल बंद केली तरी लाल..." आणि तिथेच मावशीचा खणखणीत आवाज, "तो गरम काचेचा दिवा आहे काका. सगळ्यांच्याच शेगडीला असतो. काही काळजी करू नका, अर्ध्या तासाने गार होते. मग पुसा, काय हवं ते करा." त्यानंतर काका म्हणाले, "असं का. बरं. तुम्हाला जास्त कळतं."

"बघा," सुपरवायझर म्हणाले.

"परत लावा," मावशी म्हणाली.

तिसऱ्यांदा फीत लावली तेव्हा तिने डोळे मिटले आणि हात वर करून ती थांबवायला लावली. "ऐकलंत? माझ्या आवाजाखाली."

आम्ही दोघांनीही काही ऐकलं नव्हतं.

"मी 'सगळ्यांच्याच शेगडीला' म्हणतेय ना, त्याच वेळी ते बोलताहेत. 'दिवा नाही हो, आतलं वेटोळं.' दिवा नाही हो म्हणताहेत ते."

सुपरवायझरांनी कानाला हेडफोन लावून पुन्हा ऐकलं. मग हेडफोन काढून ठेवला. "मावशी, हे तुम्हाला माहीत झालं म्हणून ऐकू येतंय. दुसऱ्या कुणालाही येणार नाही. मी हे ऐकलेलं नाही आणि तुम्हीही ऐकलेलं नाही. चौकशीत कुणी विचारलं तर तुम्ही पडद्यावरचं वाचलंत, संपलं. आणि त्या कुटुंबाशी बोलायचं नाही. माफी तर अजिबात मागायची नाही."

मावशी बाहेर आली. जागेवर बसली. कानाला हेडफोन लावला आणि चार फोन घेतले. प्रत्येकाला बोलू दिलं, शेवटपर्यंत. पाचवा फोन तिने माझ्याकडे वळवला.

त्या आठवड्यात तिची रया गेली. डबा तसाच परत न्यायची. एकदा पाण्याच्या यंत्रापाशी मला म्हणाली, "बारा वर्षं शेगड्या खोलल्या गं मी. बटणामागचा स्विच चिकटतो हे मला ठाऊक नव्हतं का? माझ्या या हातांनी बदललेत. एक प्रश्न विचारायचा होता, दिवा की वेटोळं? त्यांनी तर न विचारता सांगितलं. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला."

मी म्हटलं, "मावशी, चूक कुणाच्या हातून होत नाही?"

"चूक झाली असती तर झोप लागली असती. मी ऐकलंच नाही, याला चूक नाही म्हणत."

शुक्रवारी तिने चौकशीसाठी लेखी जबाब दिला. कितव्या सेकंदाला कोण काय बोललं ते सगळं लिहिलं. सुपरवायझर तिच्याशी पुढे महिनाभर बोलले नाहीत. आणि रविवारी सकाळी माझ्या घरी येऊन ती दारातच म्हणाली, "पत्ता मी नोंदीतून उतरवून घेतलाय. नियमाबाहेरचं आहे, तुला यायचं नसेल तर येऊ नकोस. पण एकटीचे माझे पाय उचलत नाहीत."

मी गेले. खरं सांगायचं तर मलाही काहीतरी फेडायचं होतं. ती नक्कल मीच करत होते ना.

तिसऱ्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर. काका निवृत्त बांधणीकार, पुस्तकांची बांधणी करायचे. भिंतीला लागून अजूनही दाबयंत्र होतं. काकू खिडकीशी बसल्या होत्या, उजव्या हाताला बोटांपर्यंत पांढरी पट्टी. स्वयंपाकघरात त्या शेगडीवर एक पुठ्ठा ठेवलेला दिसत होता आणि त्यावर छोटी टेबलावरची चूल.

आम्ही कंपनीतून आलोय म्हटल्यावर काकांनी खुर्च्या पुढे केल्या. मावशी बसली नाही. ती काही बोलणार, तोच काका म्हणाले, "दोष माझा आहे. आधीच सांगतो. हिला पहिल्या दिवसापासून त्या चुलीचा भरवसा नव्हता. स्वयंपाक झाला की ही रोज पेटीतला ब्रेकर पाडायची. मला त्याचा त्रास व्हायचा, कारण सकाळी ओव्हनचं घड्याळ परत लावावं लागायचं. म्हणून मी फोन केला. मग मीच हिला सांगितलं, त्या बाई जाणकार आहेत, दिवाच आहे म्हणाल्या, तू उगाच शंका काढतेस. ब्रेकर पाडणं मीच बंद करवलं. हिने घड्याळ लावून अर्धा तास वाट पाहिली हो. पुरा अर्धा तास. मग फडकं घेऊन पुसायला गेली."

"थोडी ऊब लागली होती," काकू म्हणाल्या. "पण म्हटलं, फोनवर सांगितलंय."

मावशीचा चेहरा मी पाहिला नाही. मी जमिनीकडे बघत होते.

"काका," मावशी म्हणाली, "ती जाणकार बाई मीच. तुम्ही मला सांगितलं होतं, दिवा नाही, आतलं वेटोळं. तुमचं बोलणं चालू असतानाच मी बोलत गेले. तुमचे शब्द फितीत आहेत. तुम्ही नीट सांगितलं होतं. मी ऐकलं नाही."

काकांनी विचारलं, "मी सांगितलं होतं?"

"सांगितलं होतं."

"मला वाटलं, मी मनातच म्हटलं." ते उठले. "इतके दिवस मी हिला भरवतोय आणि प्रत्येक घासाला स्वतःलाच म्हणतोय, नीट बोलता आलं असतं तुला तर! आणि तुम्ही... तुम्ही मला काका म्हणालात फोनवर. काका म्हणून माणसाचं तोंड बंद करता?" त्यांचा आवाज चढत गेला. "निघा. निघा इथून."

मावशी "हो" म्हणाली. हात जोडले आणि निघाली. जिन्यात काकू मागून आल्या, डाव्या हाताने कठडा धरत.

"रागावू दे त्यांना," त्या म्हणाल्या. "आजवर स्वतःवरच रागावत होते. घास उतरत नव्हता घशाखाली. तुमच्यावर रागावतील तर निदान जेवतील." मग मावशीकडे बघून, "माझा राग आहेच. तो काही आज जायचा नाही. पण तुम्ही आलात."

खाली रस्त्यावर आल्यावर मावशी एका बंद दुकानाच्या पायरीवर बसली आणि पदर तोंडाला लावून रडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला, पण तिला तो नको होता, मी काढून घेतला.

पुढचं थोडक्यात. तिच्या जबाबामुळे कंपनीला कुटुंबाला शेगडी बदलून द्यावी लागली, उपचाराचा भारही घ्यावा लागला. मावशीला लेखी ताकीद मिळाली. तिने त्यावर सही करताना एकच मागणी केली, की आमच्या समोरच्या पडद्यावरचा मजकूर बदला. वरचे दोन महिने टाळत राहिले. ती दर सोमवारी जाऊन विचारायची. शेवटी बदलला. आता पहिलाच प्रश्न आहे : लाल काय दिसतंय, दिवा की काचेखालचं वेटोळं? आणि बटण बंद असून वेटोळं तापत असेल तर पुढचं काही विचारायचं नाही. ब्रेकर पाडायला लावायचा, तंत्रज्ञ येईपर्यंत चढवायचा नाही म्हणून बजावायचं, आणि ग्राहकाने ब्रेकर पाडल्याचं त्याच्या तोंडून ऐकल्याशिवाय फोन ठेवायचा नाही.

मावशीचा सरासरी वेळ वाढत गेला आणि भिंतीवरच्या पडद्यावर तिचं नाव तळाला गेलं. नवी मुलं कुजबुजायची, म्हातारी मंदावली. तिला ते कळायचं, पण ती कुणाला काही सांगायची नाही. निवृत्त होईपर्यंत ती प्रत्येकाचं बोलणं संपल्यावर मनात तीन आकडे मोजायची, मगच बोलायची.

काकूंचा हात भरून आला, पण दोन बोटं पुरती वळत नाहीत. हे आम्हाला त्यांच्याकडूनच कळलं. वर्षभराने नव्या शेगडीच्या घड्याळासाठी त्यांनी हेल्पलाइनवर फोन केला आणि मावशीचंच नाव घेतलं. घड्याळ लुकलुकत होतं एवढंच. फोन अठरा मिनिटं चालला. मागून काका सांगत होते, "बारा नाही, शून्य दिसतंय म्हणावं. शून्य." मावशी म्हणाली, "काकांना फोन देता का?"

"नको म्हणतात," काकू म्हणाल्या.

"बरोबर आहे त्यांचं," मावशी म्हणाली, आणि कोणतं बटण किती वेळ दाबायचं ते सांगायला लागली.